आदर्श वायू समीकरणाचा इतिहास : एका ओळीमागची दोनशे वर्षे

घटकाची उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर विद्यार्थ्यांना पुढील गोष्टी सांगता येतील :

१. आदर्श वायू समीकरणातील प्रत्येक राशी केव्हा आणि कोणत्या प्रश्नातून आली.
२. अ‍ॅव्होगाड्रो यांचे गृहीतक सुमारे पन्नास वर्षे बाजूला का पडले आणि ते पुन्हा का स्वीकारले गेले.
३. वायू स्थिरांक सर्व वायूंसाठी एकच कसा ठरला.
४. हे समीकरण कोणत्या परिस्थितीत अपुरे पडते.

१. प्रस्तावना

सामान्य रसायनशास्त्राच्या पहिल्या सत्रात जी सूत्रे पाठ करावी लागतात, त्यांत आदर्श वायू समीकरण अगदी वरच्या क्रमांकावर असते. वर्गात आपण ते 'पीव्ही = एनआरटी' असे म्हणतो. शब्दांत मांडले तर :

दाब × आकारमान = मोलसंख्या × वायू स्थिरांक × निरपेक्ष तापमान

पाठ्यपुस्तकात बहुधा आधी बॉईल यांचा नियम येतो, मग चार्ल्स यांचा, मग अ‍ॅव्होगाड्रो यांचा, आणि तिन्ही एकत्र करून हे समीकरण दोन ओळींत सिद्ध होते. ती मांडणी वाचताना असे वाटते की तीन शास्त्रज्ञांनी एकामागून एक आपापला वाटा दिला आणि काम पूर्ण झाले. प्रत्यक्षात तसे घडले नाही. बॉईल यांचा नियम १६६२ सालचा आहे. सर्व वायूंना लागू पडणारा एकच स्थिरांक असलेले समीकरण १८७३-७४ मध्ये लिहिले गेले. मधल्या दोनशेहून अधिक वर्षांत एक बरोबर कल्पना जवळजवळ पन्नास वर्षे दुर्लक्षित राहिली. दुसरा एक बरोबर निबंध मुंबईहून लंडनला गेला आणि तिथल्या दप्तरात पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ पडून राहिला.

हा इतिहास परीक्षेत फारसा विचारला जात नाही. तरीही तो माहीत असला की समीकरणातील 'मोलसंख्या' ही राशी सर्वांत शेवटी का आली हे कळते, आणि नवशिक्या विद्यार्थ्याची चूक नेमकी तिथेच का होते हेही उमगते.

२. हवेचा दाब आणि बॉईल यांचा तक्ता

सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हवेला वजन आहे आणि ती दाब देते, ही गोष्ट सर्वमान्य नव्हती. १६४३-४४ च्या सुमारास इटलीत तोरिचेल्ली यांनी पाऱ्याने भरलेली नळी पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी केली. नळीतील पारा सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीवर स्थिरावला आणि वर मोकळी जागा उरली. बाहेरची हवा पाऱ्याला तोलून धरते, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. १६४८ मध्ये पास्कल यांच्या सूचनेवरून त्यांच्या मेहुण्यांनी फ्रान्समधील पुई द दोम या डोंगरावर अशी नळी नेली. वर चढत गेले तशी पाऱ्याची उंची कमी झाली.

इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉईल यांनी रॉबर्ट हूक यांच्या मदतीने हवा उपसणारा पंप तयार करवून घेतला आणि त्यावरील प्रयोगांचे पुस्तक १६६० मध्ये प्रसिद्ध केले. हवा दाबली तर ती स्प्रिंगसारखी उलट जोर लावते, असे त्यांचे म्हणणे होते. फ्रान्सिस लायनस या जेझुइट विद्वानाने त्यावर आक्षेप घेतला. हवेचा जोर पाऱ्याचा एवढा उंच स्तंभ पेलण्याइतका नसतो. नळीत एक अदृश्य दोरा असतो आणि तो पाऱ्याला वर ओढून धरतो, असे लायनस यांचे मत होते.

या आक्षेपाला उत्तर म्हणून बॉईल यांनी इंग्रजी 'जे' अक्षराच्या आकाराची काचेची नळी घेतली. तिची आखूड बाजू बंद आणि लांब बाजू उघडी होती. लांब बाजूतून पारा ओतत गेले की आखूड बाजूत अडकलेली हवा दाबली जाई. नळी इतकी लांब होती की प्रयोग जिन्यावर करावा लागला. पारा ओतत जाऊन त्यांनी हवेच्या स्तंभाची लांबी आणि एकूण दाब यांचा तक्ता तयार केला. त्यातील तीन नोंदी पाहा. आकारमान नळीवरील खुणांमध्ये आहे, तर दाब पाऱ्याच्या इंचांमध्ये.

| आकारमान | दाब | गुणाकार |
|---|---|---|
| ४८ | २९.१३ | १३९८ |
| २४ | ५८.८१ | १४११ |
| १२ | ११७.५६ | १४११ |

आकारमान निम्मे झाले तेव्हा दाब जवळजवळ दुप्पट झाला आणि चौथ्या हिश्श्यावर आले तेव्हा चौपट. गुणाकारातील फरक एक टक्क्याच्या आसपास आहे. हाताने फुगवलेली काच आणि डोळ्यांनी वाचलेली मोजपट्टी लक्षात घेता ही अचूकता वाखाणण्याजोगी आहे. हा तक्ता १६६२ च्या आवृत्तीत छापला गेला. दाब आणि आकारमान व्यस्त प्रमाणात असावेत ही कल्पना रिचर्ड टाउनली यांच्याकडून आपल्याला मिळाली, असे बॉईल यांनी स्वतः नोंदवले आहे. फ्रान्समध्ये एदमे मारिओत यांनी १६७० च्या दशकात हाच नियम स्वतंत्रपणे मांडला. म्हणून तिथे तो आजही मारिओत यांच्या नावाने ओळखला जातो.

लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की या टप्प्यावर समीकरणात दोनच राशी आहेत : दाब आणि आकारमान. 'तापमान स्थिर असताना' ही अट आपण आज सवयीने जोडतो. पण त्या काळी तापमान मोजण्याची सर्वमान्य पद्धतच नव्हती.

३. तापमानाचा प्रवेश

तापमान समीकरणात येण्यासाठी आधी विश्वासार्ह तापमापी लागत होती. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समधील गियोम आमोंतो यांनी बंदिस्त हवेचा दाब तापमानानुसार कसा बदलतो ते मोजले. पुरेशी थंडी झाली तर हवेचा दाब उरणारच नाही, असा निष्कर्ष त्यांच्या मोजमापातून निघत होता. निरपेक्ष शून्याची ती पहिली चाहूल होती.

पुढचा टप्पा बलून उडवण्याच्या वेडातून आला. १७८३ साली पॅरिसमध्ये माँगोल्फिए बंधूंच्या गरम हवेच्या बलूनची चर्चा असताना जाक चार्ल्स यांनी हायड्रोजन भरलेला बलून तयार केला आणि १ डिसेंबर १७८३ रोजी एका सोबत्यासह स्वतः त्यातून उड्डाण केले. १७८७ च्या सुमारास त्यांनी वेगवेगळे वायू सारखेच तापवून पाहिले. ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि हवा या सर्वांचे आकारमान सारख्याच प्रमाणात वाढते, असे त्यांना आढळले. हे काम त्यांनी प्रसिद्ध मात्र केले नाही.

१८०२ मध्ये जोसेफ लुई गे-ल्युसॅक यांनी हीच मोजमापे अधिक काळजीपूर्वक केली. वायूत पाण्याचा अंश राहिला तर वाचन चुकते, हे ओळखून त्यांनी वायू कोरडे करून घेतले. बर्फाच्या तापमानापासून पाणी उकळेपर्यंत वायूचे आकारमान मूळच्या ०.३७५ पट वाढते, असे त्यांना मिळाले. म्हणजे प्रत्येक अंश सेल्सिअसला सुमारे २६७ वा हिस्सा. आपल्या लेखात त्यांनी चार्ल्स यांच्या अप्रकाशित निरीक्षणांचा उल्लेख केला आणि त्यामुळेच हा नियम चार्ल्स यांच्या नावावर टिकला. इंग्लंडमध्ये जॉन डाल्टन हेही याच सुमारास अशाच निष्कर्षाला पोचले होते.

२६७ हा आकडा पुढे बदलला. १८४० च्या दशकात आंरी व्हिक्टर रेन्यो यांनी फार काटेकोर प्रयोग करून हवेसाठी ०.३६६५ ही किंमत मिळवली. १०० ला ०.३६६५ ने भागल्यास सुमारे २७३ येतात. आपण सेल्सिअसचे केल्विन करताना जे २७३ मिळवतो, त्याचे मूळ या मोजमापात आहे.

४. क्लेपेरॉन : दोन नियमांचे एक समीकरण

दोन्ही नियम एका ओळीत प्रथम कोणी लिहिले? ते रसायनशास्त्रज्ञ नव्हते. एमिल क्लेपेरॉन हे फ्रेंच अभियंते होते आणि त्यांचा प्रश्न वाफेच्या इंजिनाचा होता. साडी कार्नो यांनी १८२४ मध्ये उष्णतेपासून जास्तीत जास्त किती काम मिळू शकते यावर एक छोटे पुस्तक लिहिले होते आणि ते जवळजवळ कोणी वाचले नव्हते. १८३४ मध्ये क्लेपेरॉन यांनी ते विचार गणिती रूपात मांडले. त्यासाठी त्यांना वायूचा दाब, आकारमान आणि तापमान यांचे एकत्र सूत्र हवे होते. त्यांनी ते असे लिहिले :

दाब × आकारमान = आर × (२६७ + सेल्सिअस तापमान)

येथील 'आर' आणि आपण आज वापरतो तो 'आर' यांत महत्त्वाचा फरक आहे. क्लेपेरॉन यांचा स्थिरांक वायूच्या प्रकारावर आणि घेतलेल्या वस्तुमानावर अवलंबून होता. एक ग्रॅम वायू घेतला तर आजच्या एककांत त्याच्या किमती अशा येतात : हायड्रोजनसाठी सुमारे ४.१२, नायट्रोजनसाठी ०.२९७, ऑक्सिजनसाठी ०.२६० ज्यूल प्रति ग्रॅम प्रति केल्विन. प्रत्येक वायूला वेगळा आकडा. या आकड्यांमध्ये काही नाते आहे का, हे सांगायचे तर एका ग्रॅममध्ये किती रेणू असतात याचा विचार करावा लागतो. ते उत्तर खरे म्हणजे तेवीस वर्षे आधीच छापून आले होते.

५. अ‍ॅव्होगाड्रो : बरोबर असूनही बाजूला पडलेले गृहीतक

१८०८ च्या अखेरीस गे-ल्युसॅक यांनी वायूंच्या संयोगाचा नियम जाहीर केला. वायू एकमेकांशी संयोग पावतात तेव्हा त्यांच्या आकारमानांचे गुणोत्तर साध्या पूर्णांकांत असते. दोन आकारमान हायड्रोजन आणि एक आकारमान ऑक्सिजन यांपासून दोन आकारमान पाण्याची वाफ मिळते.

त्याच वर्षी डाल्टन यांचा अणुसिद्धांत पुस्तकरूपाने आला होता. वरवर पाहता गे-ल्युसॅक यांचा नियम त्याला पूरक वाटतो. डाल्टन यांनी मात्र तो नाकारला, आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर त्याला कारण होते. समान आकारमानात समान संख्येने कण असतात असे धरा. एका आकारमानातील ऑक्सिजनमध्ये शंभर अणू असतील, तर त्यांपासून पाण्याचे जास्तीत जास्त शंभर कण होतील, कारण अणूचे तुकडे होत नाहीत. मग वाफेचे आकारमान दोन कसे? शिवाय पाण्याच्या कणात ऑक्सिजन आणि आणखी काही आहे, म्हणजे वाफ ऑक्सिजनपेक्षा जड हवी. प्रत्यक्षात ती हलकी असते. दोन मूलद्रव्यांचे एकच संयुग माहीत असेल तर त्यात दोघांचा एकेक अणू धरावा, असा डाल्टन यांचा साधेपणाचा नियम होता. त्यामुळे ते पाण्याचे सूत्र आजच्या चिन्हांत 'एचओ' असे मानत.

१८११ मध्ये तुरिन परिसरातील अमेदेओ अ‍ॅव्होगाड्रो यांनी ही कोंडी सोडवली. त्यांनी दोन गोष्टी एकत्र मांडल्या. पहिली : समान तापमान व दाब असताना सर्व वायूंच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते. दुसरी : हायड्रोजन किंवा ऑक्सिजन यांसारख्या मूलद्रव्याचा रेणू एका अणूचा नसतो, तो अभिक्रियेत दुभंगू शकतो. ऑक्सिजनच्या शंभर रेणूंचे दोनशे अर्धे झाले की वाफेचे दोनशे रेणू मिळतात आणि आकारमान दुप्पट होते. पाण्याचे सूत्र 'एच२ओ' ठरते. १८१४ मध्ये अँपिअर यांनीही जवळजवळ हाच विचार मांडला.

तरीही रसायनशास्त्रज्ञांनी हे मान्य केले नाही. त्याची कारणे समजून घेणे आवश्यक आहे, कारण ती निव्वळ हट्टाची नव्हती.

पहिले कारण विद्युतीय सिद्धांताचे होते. स्वीडनचे बर्झेलिअस हे त्या काळातील सर्वांत प्रतिष्ठित रसायनशास्त्रज्ञ. अणू विरुद्ध विद्युतप्रभारांमुळे एकमेकांना धरून राहतात, असे त्यांचे मत होते. मग ऑक्सिजनचे दोन अगदी सारखे अणू एकत्र का राहावेत? सहसंयुज बंधाची कल्पना यायला अजून एक शतक होते, त्यामुळे या प्रश्नाला तेव्हा उत्तर नव्हते.

दुसरे कारण प्रायोगिक होते. १८२६ पासून फ्रान्सचे ड्यूमा यांनी अनेक पदार्थांच्या वाफेची घनता मोजली. सर्व मूलद्रव्यांचे रेणू दोन अणूंचे आहेत असे धरले, तर गंधकाच्या वाफेची घनता अपेक्षेच्या तिप्पट, फॉस्फरसची दुप्पट आणि पाऱ्याची निम्मी येत होती. आज आपल्याला माहीत आहे की ड्यूमा यांच्या प्रयोगाच्या तापमानाला गंधकाचा रेणू सरासरीने सहा अणूंचा, फॉस्फरसचा चार अणूंचा आणि पाऱ्याचा एकाच अणूचा असतो. मोजमाप बरोबर होते, गृहीतकही बरोबर होते. 'सर्व रेणू दोन अणूंचेच' ही मधली समजूत चुकीची होती. ड्यूमा यांनी मात्र गृहीतकावरचाच विश्वास सोडला.

याचा परिणाम पुढील तीन दशके भोगावा लागला. ऑक्सिजनचे अणुवस्तुमान कोणी ८ मानी, कोणी १६. कार्बनचे कोणी ६, कोणी १२. एकाच पदार्थाची सूत्रे माणसागणिक बदलत. केकुले यांनी १८६१ मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकात ॲसिटिक आम्लाची प्रचलित असलेली एकोणीस वेगवेगळी सूत्रे नोंदवली आहेत. त्या काळच्या विद्यार्थ्याला एका आम्लाचे सूत्र लिहिण्याआधी ते कोणत्या गुरूच्या पद्धतीने लिहायचे हे ठरवावे लागे.

६. मुंबईहून गेलेला निबंध

याच काळात समान संख्येच्या नियमाला भौतिकशास्त्राच्या बाजूने आधार मिळण्याची संधी आली होती, आणि तिचा संबंध मुंबईशी आहे.

जॉन जेम्स वॉटरस्टन हे एडिंबरोचे अभियंते. १८३९ पासून ते मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदल कॅडेटांना शिकवत होते. फावल्या वेळात ते ग्रँट कॉलेजच्या ग्रंथालयात वाचन करत आणि वायूंच्या स्वरूपावर विचार करत. १८४५ च्या डिसेंबरात त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीकडे एक दीर्घ निबंध पाठवला.

निबंधातील मुख्य कल्पना अशी. वायू म्हणजे सर्व दिशांना वेगाने धावणारे, पूर्ण स्थितिस्थापक असे असंख्य रेणू. ते भांड्याच्या भिंतींवर आपटतात, तोच दाब. आजच्या भाषेत मांडायचे तर :

दाब × आकारमान = १/३ × रेणूंची संख्या × रेणूचे वस्तुमान × वेगाच्या वर्गाची सरासरी

तापमान म्हणजे रेणूंच्या गतीचेच माप. वॉटरस्टन यांनी पुढे असेही म्हटले की दोन वायू समान तापमानाला असतील तर 'वस्तुमान × वेगाच्या वर्गाची सरासरी' ही राशी दोघांसाठी सारखी असते; हलके रेणू वेगाने धावतात, जड रेणू सावकाश. आता वरच्या सूत्राकडे पुन्हा पाहा. दोन वायूंचा दाब समान, आकारमान समान आणि तापमान समान असेल, तर उरलेली एकच राशी, म्हणजे रेणूंची संख्या, समान असलीच पाहिजे. हेच अ‍ॅव्होगाड्रो यांचे गृहीतक, आणि ते यांत्रिकीच्या नियमांतून आपोआप बाहेर पडते.

रॉयल सोसायटीने निबंध परीक्षकांकडे पाठवला. एका परीक्षकाने तो निरर्थक आहे आणि सोसायटीपुढे वाचण्याच्याही लायकीचा नाही, असा शेरा दिला. मार्च १८४६ मध्ये निबंध वाचला गेला आणि त्याचा छोटा सारांश छापला गेला, पण पूर्ण निबंध प्रसिद्ध झाला नाही. नियमानुसार हस्तलिखित सोसायटीच्या दप्तरातच राहिले. वॉटरस्टन यांनी स्वतःजवळ दुसरी प्रत ठेवली नव्हती, त्यामुळे तो अन्यत्र छापणे त्यांना शक्य झाले नाही.

१८५६ मध्ये क्रोनिग आणि १८५७ मध्ये क्लॉशिअस यांनी वायूंचा गतिज सिद्धांत जर्मनीत मांडला. मग मॅक्सवेल आणि बोल्ट्झमान यांनी तो पुढे नेला. हे श्रेय योग्यच आहे, पण त्यांच्याआधी दहा-बारा वर्षे मुंबईत हेच विचार कोणी लिहून काढले होते याची कोणाला कल्पना नव्हती. वॉटरस्टन १८८३ मध्ये घरातून बाहेर पडले आणि परतले नाहीत. १८९१ मध्ये लॉर्ड रॅले यांना तो निबंध सोसायटीच्या दप्तरात सापडला आणि १८९२ मध्ये तो पूर्ण छापला गेला. सोबतच्या प्रस्तावनेत रॅले यांनी तरुण संशोधकांना सल्ला दिला की मोठी झेप घेण्याआधी छोट्या आणि पटकन पारखता येईल अशा कामाने आपली ओळख निर्माण करावी. हा सल्ला व्यवहाराचा आहे. पण अनोळखी माणसाचे म्हणणे नीट वाचण्याची जबाबदारी परीक्षकांवरही असते, हा धडा याच कहाणीतून मिळतो.

७. कार्ल्सरूह, १८६०

सूत्रांचा गोंधळ असह्य झाला तेव्हा केकुले, वुर्ट्झ आणि वेल्ट्झिन यांच्या पुढाकाराने ३ ते ५ सप्टेंबर १८६० या काळात जर्मनीतील कार्ल्सरूह येथे युरोपभरचे सुमारे १४० रसायनशास्त्रज्ञ एकत्र आले. अणू, रेणू आणि सममूल्यभार या शब्दांचे अर्थ ठरवणे हा हेतू होता. तीन दिवस चर्चा झाली. सर्वांना बांधणारा निर्णय झाला नाही.

परिषदेला इटलीहून स्टानिस्लाओ कॅनिझारो आले होते. १८५८ मध्ये त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना रसायनशास्त्र कसे शिकवतो याची रूपरेषा एका लेखात दिली होती. परिषद संपताना त्यांचे सहकारी पावेसी यांनी त्या पुस्तिकेच्या प्रती उपस्थितांना वाटल्या.

कॅनिझारो यांची पद्धत साधी होती. आधी अ‍ॅव्होगाड्रो यांचे गृहीतक मान्य करून वाफेच्या घनतेवरून वेगवेगळ्या संयुगांची रेणुवस्तुमाने काढायची. मग प्रत्येक रेणूत एखाद्या मूलद्रव्याचे किती वस्तुमान आहे ते पाहायचे. हायड्रोजन घेऊ : हायड्रोजन क्लोराइडमध्ये १, पाण्यात २, अमोनियात ३, मिथेनमध्ये ४. ऑक्सिजन घेऊ : पाण्यात १६, कार्बन मोनॉक्साइडमध्ये १६, कार्बन डायऑक्साइडमध्ये ३२. ऑक्सिजनचे वस्तुमान १६ पेक्षा कमी कुठेच येत नाही आणि नेहमी १६ च्या पटीत येते. म्हणून ऑक्सिजनचे अणुवस्तुमान १६, आठ नव्हे. पाऱ्याची अडचणही सुटली : पाऱ्याचा रेणू एका अणूचाच आहे, हे मान्य केले की ड्यूमा यांचे आकडे जागेवर बसतात.

लोथार मायर यांनी परतीच्या वाटेवर ती पुस्तिका वाचली आणि आपल्या शंका दूर झाल्याचे पुढे लिहून ठेवले. परिषदेला आलेल्या तरुणांत मेंडेलीव्ह हेही होते. एकसारखी अणुवस्तुमाने हाती आल्यावरच आवर्त सारणी शक्य झाली, आणि १८६९ मध्ये मेंडेलीव्ह यांनी ती मांडली. हे पाहायला अ‍ॅव्होगाड्रो मात्र नव्हते. त्यांचे निधन १८५६ मध्येच झाले होते.

८. सर्व वायूंसाठी एकच स्थिरांक

आता क्लेपेरॉन यांच्या समीकरणाकडे परत जाऊ. एका ग्रॅमसाठी मिळालेले आकडे आणि कॅनिझारो यांच्या पद्धतीने ठरलेली रेणुवस्तुमाने यांचा गुणाकार करून पाहा.

| वायू | एका ग्रॅमचा स्थिरांक | रेणुवस्तुमान | गुणाकार |
|---|---|---|---|
| हायड्रोजन | ४.१२४ | २.०१६ | ८.३१ |
| नायट्रोजन | ०.२९६८ | २८.०१ | ८.३१ |
| ऑक्सिजन | ०.२५९८ | ३२.०० | ८.३१ |

ग्रॅमऐवजी रेणूंच्या संख्येच्या प्रमाणात वायू मोजला की प्रत्येक वायूचा वेगळा स्थिरांक नाहीसा होतो आणि एकच उरतो. १८७३ मध्ये जर्मनीत हॉर्स्टमान यांनी आणि १८७४ मध्ये रशियात मेंडेलीव्ह यांनी समीकरण या रूपात वापरले. 'मोल' हा शब्द त्यानंतर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, ओस्टवाल्ड यांच्या लेखनातून रूढ झाला. एका मोलमध्ये नेमके किती रेणू, हे पेरँ यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्राऊनीय गतीच्या प्रयोगांतून मोजले आणि त्या संख्येला अ‍ॅव्होगाड्रो यांचे नाव दिले.

२० मे २०१९ पासून अ‍ॅव्होगाड्रो स्थिरांक ६.०२२१४०७६ × १०^२३ प्रति मोल असा व्याख्येनेच ठरवला आहे. बोल्ट्झमान स्थिरांकही तसाच निश्चित केला आहे. वायू स्थिरांक हा या दोघांचा गुणाकार असल्याने त्याचीही किंमत आता अचूक ठरलेली आहे : सुमारे ८.३१४४६ ज्यूल प्रति मोल प्रति केल्विन.

येथे उदाहरणे सोडवताना होणारी एक चूक सांगणे गरजेचे आहे. ० अंश सेल्सिअस आणि १ ॲटमॉस्फिअर दाबाला एका मोल आदर्श वायूचे आकारमान २२.४ लिटर असते. प्रमाण दाब १ बार धरला तर ते २२.७ लिटर होते. आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८२ पासून १ बार हा प्रमाण दाब मानला आहे; पुष्कळ पुस्तकांत अजून जुना आकडा आढळतो. प्रश्नात कोणता दाब दिला आहे ते पाहूनच आकडा वापरावा.

९. समीकरणाच्या मर्यादा

रेन्यो यांच्या काटेकोर प्रयोगांतच दिसून आले होते की खरे वायू बॉईल यांचा नियम तंतोतंत पाळत नाहीत. १८६९ मध्ये आयर्लंडचे अँड्र्यूज यांनी दाखवले की कार्बन डायऑक्साइड सुमारे ३१ अंश सेल्सिअसच्या वर असेल, तर कितीही दाब दिला तरी त्याचा द्रव होत नाही. आदर्श वायू समीकरणाला याचे स्पष्टीकरण देता येत नाही, कारण त्याच्या दृष्टीने वायूचा द्रव कधी होतच नाही.

१८७३ मध्ये व्हॅन डर वाल्स यांनी लायडन येथील आपल्या प्रबंधात दोन दुरुस्त्या सुचवल्या : रेणूंना स्वतःचे आकारमान असते आणि ते एकमेकांना आकर्षित करतात. या कामासाठी त्यांना १९१० चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा प्रश्न पुढे कलकत्त्यातही हाताळला गेला. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस या दोन तरुण अध्यापकांनी १९१८ मध्ये 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. रेणूंच्या आकारमानाचा वायूच्या अवस्था समीकरणावर काय परिणाम होतो, हा त्याचा विषय होता. ताऱ्यांमधील आयनीभवनाचे साहा समीकरण आणि बोस यांची सांख्यिकी त्यानंतरची. म्हणजे आज जगभर ज्यांची नावे घेतली जातात, त्या दोघांचे एकत्र काम याच ओळीतील उणीव शोधण्यापासून सुरू झाले.

१०. सारांश

दाब आणि आकारमान यांचे नाते १६६२ मध्ये, तापमानाचा परिणाम १८०२ मध्ये, दोहोंचे एकत्र समीकरण १८३४ मध्ये आणि सर्व वायूंना समान स्थिरांक १८७३-७४ मध्ये आला. दाब, आकारमान आणि तापमान उपकरणांवर वाचता येतात. मोलसंख्या मात्र थेट वाचता येत नाही. तिच्यासाठी अणू आणि रेणू यांतील फरक आधी समजावा लागतो. रसायनशास्त्रज्ञांना तो मान्य करायला पन्नास वर्षे लागली. म्हणून उदाहरण सोडवताना ऑक्सिजनचे रेणुवस्तुमान ३२ ऐवजी १६ घेतले गेले, तर स्वतःला फार दोष देऊ नये. चूक मात्र दुरुस्त करावी आणि ३२ का, हे स्वतःला एकदा समजावून सांगावे.

स्वाध्याय

१. बॉईल यांच्या तक्त्यातील तीन नोंदींवरून आकारमान १६ असताना दाब किती असेल, याचा अंदाज काढा.
२. पाण्याची वाफ ऑक्सिजनपेक्षा हलकी असते. डाल्टन यांच्या दृष्टीने ही अडचण का होती आणि अ‍ॅव्होगाड्रो यांनी ती कशी सोडवली?
३. पाऱ्याची वाफ हायड्रोजनच्या सुमारे १०० पट घन असते. यावरून पाऱ्याचे रेणुवस्तुमान काढा. त्याचा रेणू एका अणूचा आहे हे ठरवण्यासाठी आणखी कोणती माहिती लागेल?
४. वॉटरस्टन यांच्या सूत्रावरून समान तापमानाला हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या रेणूंच्या वेगांचे गुणोत्तर काढा.
५. क्लेपेरॉन यांच्या स्थिरांकात आणि आजच्या वायू स्थिरांकात काय फरक आहे? कार्बन डायऑक्साइडच्या एका ग्रॅमसाठी क्लेपेरॉन यांचा स्थिरांक किती येईल?